तिसऱ्या ब्रशची मीमांसा

मराठी संशोधकांनी आजवर पुष्कळ बारीकसारीक गोष्टींचा कीस पाडला आहे. मोडीतल्या एका वेलांटीवरून दोन विद्वानांचे बोलणे बंद झाल्याचे आपण ऐकतो, आणि पुरणपोळी आधी की गूळपोळी, यावर अजून निकाल लागायचा आहे. मात्र साधारण १९१२ पासून पुढची पंचवीसेक वर्षे ज्या मोटारी बनल्या, त्यांची बॅटरी निम्मा वेळ उकळत का असे आणि उरलेला निम्मा वेळ रिकामी का असे, या प्रश्नात कोणी हात घातलेला नाही. प्रस्तुत लेखकाने तो घातला. हाताला अ‍ॅसिड लागले, सदऱ्याला भोके पडली. सदरा पुराव्यादाखल जपून ठेवला आहे, जिज्ञासूंनी येऊन पाहावा.

शास्त्राच्या आरंभी अधिकारी कोण ते सांगायची रीत आहे. ज्याने लग्नाच्या मुहूर्ताला अर्धा तास उरला असताना सेल्फ मारला आहे, आतून नुसता ‘टक्’ एवढाच आवाज ऐकला आहे, आणि मग मागे वळून नऊवारी नेसलेल्या पाहुण्यांना उतरून धक्का मारण्याची विनंती केली आहे, तो या शास्त्राचा अधिकारी. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही, पण त्यांना कळेलच असे नाही.

आता पूर्वपीठिका. सेल्फ नव्हता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गाडी हँडल मारून सुरू व्हायची, दिवे कार्बाइडच्या वायूवर जळायचे, आणि ठिणगीपुरती बॅटरी असलीच तर ती उतरली की गॅरेजवाल्याकडे चार्जिंगला टाकायची, गिरणीत दळण टाकावे तशी. गाडी कोणाचे देणे लागत नव्हती. हँडल मात्र कधी कधी उलटे फिरून मनगट मोडायचे. हा त्रास मिटावा म्हणून ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेचा सेल्फ बनवला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकला बसला. हे गृहस्थ आधी दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत होते आणि गल्ला विजेवर उघडण्याची मोटर त्यांनी केली होती. लहानशा मोटरवर दोन क्षण वाट्टेल तेवढा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तिला तापायला वेळच मिळत नाही, हे त्यांना गल्ल्यात दिसले. कॅडिलॅकची बॅटरी सेल्फ मारताना २४ व्होल्टची व्हायची आणि पुन्हा भरताना ६ व्होल्टची, म्हणजे देताना शेठ आणि घेताना गरीब.

गल्ल्यावाल्या माणसाने मोटारीत उधारी आणली, याची आमच्या शास्त्रात ठळक नोंद आहे. सेल्फ दोन-चार सेकंदांत शंभरावर अँपिअर उचलतो. ते परत कोण भरणार? इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो. इथून संसार सुरू झाला.

डायनामोची अडचण अशी, की तो इंजिनाच्या ताब्यात असतो. इंजिन जागच्या जागी घुरघुरताना जेवढे फिरते, त्याच्या सात-आठपट ते मोकळ्या रस्त्यावर फिरते. डायनामो जितका जोरात फिरेल तितके व्होल्ट चढतात. त्याला मोकळे सोडले तर सिग्नलपाशी बॅटरी उपाशी आणि हमरस्त्यावर दिव्यांच्या काचा काळ्या. फोर्डच्या टी मॉडेलने ही गंमत वेगळ्या रीतीने दाखवली. तिच्या फ्लायव्हीलवर सोळा चुंबके होती, आणि १९१९ मध्ये सेल्फ येईपर्यंत विजेचे मोठे दिवे थेट त्या मॅग्नेटोवर चालत. वेग वाढला की उजेड वाढे. त्यामुळे रात्री खड्डा आला की माणूस वेग कमी करी, वेग कमी केला की दिवा मंद होई, आणि जो खड्डा बघायचा तोच तेवढा दिसत नसे. खड्डा चुकवायचा तर त्यात जोरात शिरले पाहिजे, असा सिद्धान्त यातून निघतो.

यावर उपाय म्हणून आला तिसरा ब्रश. आमच्याकडे मिस्त्री लोक ब्रशला ‘कार्बन’ म्हणतात, पण प्रबंधात ब्रश म्हटलेले बरे दिसते. डायनामोत दोन मोठे ब्रश असतात, ते वीज बाहेर नेतात. तिसरा लहान, या दोघांच्या मध्ये कुठेतरी कॉम्युटेटरवर टेकलेला. फील्ड कॉइलला, म्हणजे ज्या वेटोळ्यांमुळे डायनामोत चुंबकत्व येते त्यांना, वीज पुरवायची एवढेच त्याचे काम. युक्ती अशी, की आर्मेचरमधून, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागातून, जसजशी जास्त वीज वाहते तसतसे आर्मेचरचे स्वतःचे चुंबकत्व मूळ चुंबकत्वाला फिरण्याच्या दिशेने ढकलून वाकडे करते. वाकडे झाले की तिसऱ्या ब्रशच्या वाट्याला कमी येते, फील्ड सैल पडते, आणि डायनामो आपोआप आवरतो. ताशी पंचवीस-तीस मैलांच्या आसपास तो सर्वांत जास्त देतो, पुढे वेग वाढला तर उलट थोडे कमीच. यात स्प्रिंगचे थरथरणारे काटे नाहीत, तापणारी वेटोळी नाहीत. कार्बनचा एक चपटा तुकडा सगळे सांभाळतो. ज्याने हे शोधले त्याच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे. मीही देतो, आणि पुढच्याच ओळीत परत घेतो.

कारण या तुकड्याने डायनामोचा जोर आवरला, पण बॅटरीची भूक त्याने कधी विचारली नाही. प्रस्तुत प्रबंधाचा गाभा हाच. तिसरा ब्रश म्हणजे जुन्या पंगतीतला आग्रही वाढपी. त्याने ठरवलेले असते, प्रत्येक पानावर आठ जिलब्या. तुम्ही सकाळपासून उपाशी असा की शेजारच्या मांडवात नुकतेच जेवून आलेले असा, आठ म्हणजे आठ. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढील.

इथपर्यंत कोणीही मान्य करील. सूक्ष्म मुद्दा पुढे आहे आणि तो सांगताना मला आजही कापरे भरते. बॅटरी भरत आली की तिचे व्होल्टेज चढते. चढलेले व्होल्टेज तिसऱ्या ब्रशलाही मिळते, त्यामुळे फील्ड आणखी जोर धरते आणि डायनामो आणखी वीज ढकलतो. बॅटरी रिकामी असेल तर व्होल्टेज खाली, फील्ड ढिले, आणि वीज कमी. म्हणजे पोट भरलेल्याला दोन जास्त आणि उपाशाला दोन कमी. वाढप्याचे एक वेळ समजू शकते, तो वरपक्षाच्या बाजूचा असेल. कार्बनच्या तुकड्याला पक्ष कुठून आला?

आणि पाहुणा पानावरून उठून गेला तर? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचून तार सैल झाली, की डायनामोला बॅटरी सापडत नाही. मग व्होल्टेज बेसुमार चढते, दिव्यांचे बल्ब एका दमात जातात आणि फील्डची वेटोळी जळतात. उठलेल्या पाहुण्याच्या वाट्याची अख्खी परात शेजाऱ्याच्या डोक्यावर. म्हणून जाणकार सांगत, की बॅटरीशिवाय गाडी चालवायचीच असेल तर डायनामोचे तोंड तारेने थेट अर्थला बांधा. वाढप्याचे हात बांधून ठेवण्याची ही शास्त्रोक्त रीत. टर्मिनलवर मात्र आमच्या घरी गरम पाणी ओतून, खाण्याचा सोडा लावून, वर व्हॅसलिनचे बोट फिरवत. काकूंच्या फुटलेल्या टाचांवरही त्याच डबीतले व्हॅसलिन लागे, त्यामुळे डबी कुठे आहे यावरून घरात वाद होत.

डायनामो आणि बॅटरी यांच्या मधल्या कटआउटबद्दल दोन वाक्ये पुरे. डायनामोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेले की दार उघडायचे आणि खाली आले की लावून घ्यायचे, नाहीतर बॅटरीच उलटी डायनामोला फिरवू बघते, एवढेच त्याचे काम. तो कधी कधी चिकटून बसतो आणि रात्रभर दार उघडे राहते. सकाळी बॅटरी रिकामी मिळते, तेव्हा घरातल्या मुलांनी दिवा चालू ठेवला असा आरोप करायचा असतो.

आता काकांविषयी. माझ्या काकांकडे तीस-एकतीस सालची एक छोटी इंग्लिश मोटार होती. तिचे नाव घेत नाही, कारण गेलेल्याचे दोष काढू नयेत. पुण्याच्या कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून काकांनी ती १९६७ मध्ये घेतली. घेताना त्या गृहस्थांनी इंजिनाची, गादीची, हॉर्नची तारीफ केली आणि बॅटरीचा विषय निघाला तेव्हा चहा मागवला. सहा व्होल्ट, तीन सेल, जागा गादीखाली. डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर, मधोमध शून्य. शेजारी काळ्या बॅकेलाइटचा एक स्विच, आणि त्यावर इंग्रजीत दोन खुणा: ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’.

या स्विचवर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. हिवाळ्यावर ठेवला की तिसरा ब्रश पुरते देई. उन्हाळ्यावर ठेवला की मध्ये एक रोध येऊन निम्मे देई. म्हणजे वाढप्याच्या आग्रहावर उपाय म्हणून कारखान्याने यजमानाच्या हाती एक घंटा दिली होती. इंग्लंडात याला अर्थ आहे. बर्मिंगहॅमला जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, दिवे लावावेच लागत नाहीत, डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो, आणि थंडीत तेल घट्ट होऊन सेल्फला दुप्पट जोर लावावा लागतो. पुण्यात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या. फरक फार तर एका कीर्तनाचा. अशा गावी हा स्विच फिरवायचा कधी? काकांनी पंचांग बघून उत्तरायणाला एकदा आणि दक्षिणायनाला एकदा फिरवायचे ठरवले. पण खरी अडचण पुढेच होती. पुण्यात तीन ऋतू आहेत आणि स्विचवर पावसाळ्याला जागाच नव्हती. जून ते सप्टेंबर तो काय समजायचा? काका म्हणत, ‘ढग असतात तेव्हा हिवाळा.’ काकू म्हणत, ‘आणि उकडतं तेव्हा?’ यावर त्या घरात चार महिने स्विच दिवसातून तीनदा फिरे.

उष्ण प्रदेशाचा विचार कारखानदारांनी अजिबात केला नव्हता असे मात्र नाही. विलायतेत भरलेल्या बॅटरीतले अ‍ॅसिड हायड्रोमीटरवर १.२८० च्या आसपास दाखवते. आपल्याकडच्या उन्हात ते १.२१० ते १.२३० असे पातळ ठेवायचे असते, नाहीतर प्लेटा लवकर खचतात. काकांना ही गोष्ट पंधरा वर्षांनी कळली. तोवर त्यांनी तीन बॅटऱ्या विलायती हवामानाने मारल्या होत्या.

आता गणित, कारण आकडे आल्याशिवाय प्रबंधाला भारदस्तपणा येत नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज ढकलली की ती पाण्याचे दोन वायू करते. एका सेलमध्ये एक अँपिअर एक तास जास्तीचा गेला तर साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी उडते. तीन सेल, म्हणून एका अँपिअर-तासाला एक ग्रॅम. तिसरा ब्रश आठ अँपिअर देतो, इग्निशन कॉइल दोन खाते, उरले सहा. जुन्या रस्त्याने पुणे-मुंबई काकांच्या वेगाने पाच तास. तीस अँपिअर-तास, म्हणून तीस ग्रॅम. म्हणजे बॅटरी आधीच भरलेली असेल तर दर मुंबई फेरीला चहाचे सहा चमचे पाणी हवेत जाई. जे जाई ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन, तेही स्फोटाला तयार अशा प्रमाणात, आणि गादीखाली. त्या गादीवर बसून काकूंचे मामा बिडी ओढत. त्यांना नव्वदीपर्यंत काही झाले नाही, यावरून विज्ञानालाही मर्यादा आहेत असे दिसते.

हे पाणी भरून काढायला ऊर्ध्वपातित पाणी लागते. नळाचे चालत नाही, त्यातले क्षार प्लेटांना खातात. काका पावसाचे पाणी धरत, आणि ती त्या काळची सर्वमान्य रीत होती. पहिला पाऊस कौले धुवायला सोडायचा, मग गच्चीत भांडे ठेवायचे. धातूचे भांडे नको, म्हणून चिनी मातीची बरणी. घरात चिनी मातीची मोठी बरणी एकच होती आणि तिच्यात कैरीचे लोणचे होते. काकांनी काकू माहेरी गेलेल्या पाहून लोणचे पातेल्यात काढले आणि बरणी सात वेळा धुतली. मिठाचा अंश राहिला तर बॅटरी गेलीच, म्हणून जिभेने तपासली, मलाही तपासायला लावली. मला आठव्यांदाही हळद लागली, पण मी बोललो नाही. अशा रीतीने जो ऋतू स्विचवर नव्हता तो शेवटी बॅटरीत गेला.

तिसऱ्या ब्रशचे आमच्याशी असलेले नाते निव्वळ काकांपुरते नाही, हे जाता जाता नोंदवतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत जोडणीचा कारखाना काढला आणि शेव्हरलेट गाड्या खोक्यांतून उतरून तिथे उभ्या राहू लागल्या. त्यांच्या डायनामोतही तिसरा ब्रश होता. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या पहिल्या पिढीच्या मिस्त्र्यांनी स्क्रू ढिला करून हा ब्रश नखभर पुढे-मागे सरकवण्याची विद्या आत्मसात केली. फिरण्याच्या दिशेने सरकवला की जास्त, उलट सरकवला की कमी. आमच्या बॅटरीवाल्या चाचांना ती येत होती. ते इंजिन चालू ठेवून लाकडी पट्टीने ब्रश ढकलत, डोळा अ‍ॅमीटरवर, आणि काका खिडकीतून ओरडत.

‘चाचा, सहावर आणा.’

‘साहेब, मुंबईला जाणार का मंडईत?’

‘आज मंडईत. रविवारी मुंबईला.’

‘मग रविवारी या.’

या संवादात विषयाचे सगळे सार आले आहे. ब्रश विचारत नाही, म्हणून मिस्त्र्याला विचारावे लागते. अ‍ॅमीटरही मदत करत नाही. तो वीज किती येते-जाते ते दाखवतो, शिल्लक दाखवत नाही. पासबुकात नुसती भरणा-उचल लिहिलेली आणि बाकीचा रकाना कोरा, असा प्रकार. काका तरीही दर दोन मैलांनी काचेवर टिचकी मारत. टिचकीने काटा सरकायचा आणि काकांना बरे वाटायचे.

पुढे तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्टेज रेग्युलेटर सरसकट येऊ लागला. त्यात एक पोलादी जीभ थरथरते आणि बॅटरीचे व्होल्टेज बघून फील्डचा पुरवठा जोडते-तोडते. पाहुण्याच्या तोंडाकडे बघणारा वाढपी अखेर मिळाला. १९६० मध्ये क्रायसलरच्या व्हॅलियंटमध्ये डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, आणि सिग्नलपाशी उभी राहिलेली गाडीही बॅटरी भरू लागली. ही माहिती मी कर्तव्य म्हणून दिली. तिच्यात गंमत काही नाही. दोष नसला की शास्त्राची गोडी जाते.

हल्ली जुन्या मोटारींचे काही मालक जुन्या डायनामोच्या खोळीत लहानसा अल्टरनेटर बसवून घेतात. बाहेरून तीस साल, आतून आजचे. यावर आमच्या वर्तुळात सोवळ्या-ओवळ्याचा वाद पेटलेला आहे. बाहेरचे दिसते तेवढेच मूळ असले म्हणजे झाले, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, मग बॅटरीतही पावसाचेच पाणी असले पाहिजे. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, पण माझ्याकडे मोटार नाही.

एक उपाय राहिला. तो अमेरिकेत आणि इंग्लंडात राजरोस सांगितला जाई: लांबच्या दिवसाच्या प्रवासात बॅटरी उकळू द्यायची नसेल तर मोठे दिवे लावून गाडी चालवा, म्हणजे जास्तीची वीज जळून जाईल. आपल्याकडे पूर्वी व्यापारी बुडाला की दुकानात भरदिवसा दिवा लावून बसे, आणि दिवाळे हा शब्द त्या दिव्यावरून आला असे सांगतात. एका मुलखात दिवसा दिवा म्हणजे तिजोरी रिकामी, दुसऱ्यात तिजोरी फुटायला आलेली. तौलनिक संस्कृतीच्या अभ्यासकांनी इकडे लक्ष द्यावे.

काकांनी हा उपाय एकदाच केला. १९७१ च्या मे महिन्यात आम्ही मुंबईला लग्नाला निघालो होतो. चाचांना भेटायचे राहून गेले होते, ब्रश आठवर होता. कामशेतच्या पुढे गादीखालून बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला आणि काकांनी रणरणत्या उन्हात दोन्ही दिवे लावले. तेव्हापासून समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला खिडकीतून हात काढून पाच बोटे उघडमीट करू लागला, दिवा चालू आहे दिवा, अशा अर्थाने. काकांना ते अर्थातच ठाऊक होते. पहिल्या तिघांना त्यांनी ओरडून तिसऱ्या ब्रशची माहिती द्यायचा प्रयत्न केला, पण ट्रक थांबले नाहीत. मग खोपोलीपर्यंत ते प्रत्येकाला स्टिअरिंगवरचा एक हात सोडून नमस्कार करत गेले. मागच्या सीटवर लग्नाच्या साडीवर वर्तमानपत्र पसरून बसलेल्या काकू विचारत होत्या, ‘एवढे लोक तुम्हाला कुठून ओळखतात?’